लूट, फूट आणि एक शाळामास्तर

सुरतेचे नाव काढले की मराठी घरात दोनच शब्द आठवतात, लूट आणि फूट. लूट शिवाजी महाराजांची, १६६४ आणि १६७० सालची. फूट काँग्रेसची, डिसेंबर १९०७ मधली. त्या अधिवेशनात व्यासपीठावर जो जोडा येऊन आदळला तो मराठी घडणीचा होता, हे सांगताना आमच्या नंदुरबारकडच्या म्हाताऱ्यांच्या आवाजात चोरटा अभिमान डोकावत असे. मला मात्र या दोहोंच्या मधली सुरत अधिक जवळची वाटते. त्या सुरतेत एक मराठी माणूस काही वर्षे राहिला. तो लुटायला आला नव्हता की भांडायला. सरकारी इंग्रजी शाळेत मुलांना शिकवायला आला होता.

दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म १८१४, मुंबईचा. मराठीचे पाणिनी म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि बहुतेकांची ओळख तेवढ्यावरच संपते. व्याकरण छापून निघाले १८३६ साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्यानंतर जावऱ्याच्या नवाबाकडे शिक्षकी, पुन्हा मुंबई, आणि १८४० नंतरच्या दशकात सुरत.

ती सुरत पडत्या काळातली. व्यापार मुंबईने ओढून नेलेला आणि १८३७ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळालेला. अशा गावात दादोबांना भेटले दुर्गाराम मंछाराम. मेहताजी म्हणजे शाळामास्तर, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. नागर ब्राह्मण, वयाने दादोबांपेक्षा पाचएक वर्षांनी मोठे, जिभेने तिखट. मंत्रतंत्र करणाऱ्यांना चारचौघांत आव्हान द्यायचे, सामर्थ्य असेल तर दाखवा म्हणायचे, हा त्यांचा खाक्या. मंडळींनी १८४२ साली ग्रंथप्रसाराचे काम सुरू केले, शिळाछापाचे यंत्र आणवले. दादोबा, दुर्गाराम, दलपतराम, दामोदरदास, दिनमणिशंकर अशी ही पाच नावे. सगळी ‘द’ने सुरू होणारी म्हणून गुजरातीत त्यांना पाच दद्दा म्हणतात. त्या पाचांत आपला एक दद्दा आहे याचे मला मोठे कौतुक वाटते.

या मंडळींनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, मनुष्यमात्राची जात एक, श्रेष्ठत्व गुणावर, जन्मावर नव्हे, असा साधारण तिचा विचार. विचाराची मांडणी मुख्यतः दादोबांची, सभेतला आवाज दुर्गारामांचा. सभेची टिपणे दुर्गारामांनी गुजरातीत ठेवली. त्यांच्या आधारे त्यांचे शिष्य महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली दुर्गारामांचे चरित्र प्रसिद्ध केले. राममोहन रायांचा ब्राह्मसमाज १८२८ चा. पश्चिम हिंदुस्थानात मात्र या तऱ्हेच्या उघड सभेचा मान सुरतेकडे जातो, मुंबई-पुण्याकडे नव्हे.

आता एक योग पाहा. सभा निघून जेमतेम दोन महिने होतात तोच सुरत पेटली. कंपनी सरकारने मिठावरची जकात मणामागे आठ आण्यांवरून एकदम रुपयावर नेली. ऑगस्ट १८४४ अखेरीस दुकाने बंद पडली, हजारो माणसे रस्त्यावर आली. सरकारला नमते घ्यावे लागले, जकात बारा आण्यांवर आली. पुढे १८४८ साली बंगाली वजने लादण्याचा प्रयत्न झाला, तेव्हाही सुरतेने बाजार बंद ठेवून तो हाणून पाडला. गांधीजींनी याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दांडीला, मीठ उचलले त्याआधी शहाऐंशी वर्षांची ही गोष्ट.

एकाच गावात, एकाच पावसाळ्यात, बाजार मिठासाठी भांडत होता आणि शाळामास्तर जातीपातीविरुद्ध बोलत होते. दादोबा सरकारी चाकर, परमुलखातले. राजकारणाचे बोल त्यांच्या घरात नव्हते असे मात्र नाही. त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या सहीने पत्रे लिहून इंग्रजी राज्याने देश कसा नागवला याचा हिशेब मांडला होता. दादाभाई नवरोजी तेव्हा शाळकरी वयाचे होते! भास्कर १८४७ साली तरुणपणीच गेले. थोरला भाऊ धर्म आणि जात यांच्याशी झुंजला, मधला राज्यकर्त्यांशी. धाकटे डॉक्टर आत्माराम यांनी १८६७ साली प्रार्थना समाज उभारला. तिघांत कोण अधिक धीट, हा वाद दिवाळीच्या फराळाबरोबर घालायला चांगला आहे. माझे मत भास्करच्या बाजूने पडते. पण परक्या गावात बसून शेजाऱ्याच्या सोवळ्याला हात घालायलाही छाती लागतेच.

मला खरी नवलाई वाटते ती पुढच्या घडामोडीची. दादोबा १८४६ साली मुंबईला परतले. तिथे १८४९ साली परमहंस सभा निघाली, तिच्यामागेही दादोबा होते. विचार तोच, पण ही सभा गुप्त. बैठका दारे लावून, सभासदांची नावे बाहेर फुटू नयेत ही धास्ती, आणि ती यादी चोरीला गेल्यावर १८६० च्या सुमारास सभाच उधळली. सुरतेत जे चारचौघांत बोलले गेले ते स्वतःच्या गावात कुजबुजून का बोलावे लागले? मुंबईत भाऊबंद होते, जात होती, मुलींची लग्ने होती. सुरतेत दादोबांना वाळीत टाकायला त्यांची जातच तिथे नव्हती. दुर्गारामांना ही मुभा नव्हती, म्हणून मी त्यांना काकणभर जास्त मानतो. परमुलखात राहणारा माणूस एका परीने उपरा असतो आणि एका परीने मोकळा. नवापूरच्या ज्या स्टेशनातून राज्यांची हद्द जाते, तिथून उधन्याची गाडी पकडणाऱ्या आपल्या माणसांना हे मी समजावून सांगायची गरज नाही.

दादोबा पुढे डेप्युटी कलेक्टर झाले, नगरकडे भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त केला, रावबहादूर झाले. भास्करला हे कितपत रुचले असते कोण जाणे. दुर्गाराम १८५२ साली राजकोटला गेले आणि सुरतेची सभा विझली. पण दुर्गारामांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा पुढे कवी नर्मद झाला आणि १८६४ साली त्याने ‘दांडियो’ काढून साऱ्या सुरतेची झोप उडवली. गुजराती सुधारणेच्या इतिहासात पहिल्या पानांवरच दादोबांचे नाव येते. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ते व्याकरणाच्या धड्यात येते.