दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेताय? आधी विचारा, सोडताना डेटा परत मिळेल का

संध्याकाळी सातची वेळ. दवाखान्याच्या दाराशी चपलांचा ढीग, काउंटरवर फोन वाजतोय आणि डॉक्टरांना समोर बसलेल्या आजोबांचा मागच्या वेळचा केसपेपर हवाय. तो काही सापडत नाही. मग एक दिवस सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, पंधरा मिनिटांत सगळं चकाचक दाखवतो आणि वर्षाचे पैसे भरून टाकले जातात. अडचणी कळतात त्या नंतर.

याला प्रॅक्टिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणतात. नंबर लावणं, केसपेपर, प्रिस्क्रिप्शन, बिल, बाकी राहिलेली फी आणि फॉलोअपची आठवण हे सगळं एकाच ठिकाणी. वकिलांच्या आणि सीएंच्या ऑफिससाठीही अशी सॉफ्टवेअर असतात. पण दवाखान्यात मामला जास्त नाजूक, कारण तिथे लोकांच्या आजारांची माहिती असते.

डेटा कंपनीकडे, जबाबदारी कोणाकडे?

डॉक्टरांकडेच. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार भरती केलेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपाव्या लागतात. रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. ‘कंपनीवाले फोन उचलत नाहीत’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

दुसरा कायदा २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं, तरी ज्याने ती रुग्णाकडून घेतली त्याची जबाबदारी सुटत नाही, असं हा कायदा सांगतो. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दवाखान्याला कोणी लगेच एवढा दंड लावेल असं नाही, पण विषय किती गंभीर मानलाय ते यावरून कळतं.

म्हणून पहिला प्रश्न फीचर्सचा नाही. ‘उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर आमचा डेटा कसा मिळेल?’ हा आहे. ‘एक्सेलमध्ये मिळेल की’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. बऱ्याचदा त्या एक्सेलमध्ये फक्त नाव, वय आणि मोबाइल नंबर असतो. प्रत्येक भेटीच्या नोंदी, प्रिस्क्रिप्शन, स्कॅन केलेले रिपोर्ट यांचं काय? डेमोमध्येच पाच-सहा खोटे रुग्ण भरा, सगळा डेटा बाहेर काढायला सांगा आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. सबस्क्रिप्शन संपल्यावर लॉगिन किती दिवस चालू राहील, तेही लेखी घ्या.

डेमो कोणाला दाखवायचा?

काउंटरवर बसणाऱ्या व्यक्तीला. दिवसभर ते वापरणार तीच. दुपारी निवांत वेळी डेमो घेण्यापेक्षा गर्दीच्या वेळी ट्रायल घ्या. एक नवीन रुग्ण नोंदवायला किती क्लिक लागतात, इंटरनेट गेलं तर काम पूर्ण थांबतं का, हे तिथेच कळतं.

आपल्याकडची एक खास गंमत म्हणजे नावं. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत ‘डी’पासूनही लिहितात आणि ‘जी’पासूनही. आज एकाने एक स्पेलिंग टाकलं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने दुसरं, की एकाच माणसाचे दोन केसपेपर तयार. त्यातल्या एकातच पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद असेल तर? मोबाइल नंबरवरून शोधावं म्हटलं, तर आजी, सून आणि दोन नातवंडांचा नंबर एकच असतो. त्यामुळे एका नंबरवर अनेक रुग्ण ठेवता येतात का आणि चुकून झालेल्या दोन नोंदी एकत्र करता येतात का, हे करून बघा.

प्रत्येकाला वेगळं लॉगिन हवंच. फी घेणाऱ्याला रुग्णाचं निदान दिसायची गरज नसते.

‘आभा’ चालतं म्हणजे नेमकं काय?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. सॉफ्टवेअर या व्यवस्थेशी जोडायचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात आभा तयार करणं आणि तपासणं, दुसऱ्यात दवाखान्यातल्या नोंदी आभाला जोडणं, तिसऱ्यात रुग्णाच्या संमतीने दुसरीकडच्या नोंदी बघणं. पहिला टप्पा झाला तरी जाहिरातीत ‘आभा सपोर्ट’ लिहिता येतं. कोणते टप्पे पूर्ण झालेत ते विचारा. आभा घेणं रुग्णाच्या मर्जीवर आहे, त्यामुळे त्याशिवायही नोंदणी झाली पाहिजे.

किंमत

सांगितलेल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो. डॉक्टरांच्या उपचारसेवेला जीएसटी माफ असल्यामुळे त्यावर भरलेल्या या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो खर्चच धरायचा. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, जादा लॉगिन आणि जुना डेटा भरून देणं यांचे पैसे वेगळे आहेत का, तेही आधीच विचारून घ्या.

सगळे जुने केसपेपर टाइप करत बसू नका. जो रुग्ण येईल त्याची नोंद त्या दिवशी करायची, अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं आधी. पहिला महिनाभर वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवा. जुने कागद रद्दीत द्यायची घाई नको.