धनजीशा कूपर : नगरपालिका, नांगर आणि प्रांतिक सत्ता

सर धनजीशा बोमनजी कूपर (१८७८–१९४७) यांचा उल्लेख इतिहासग्रंथांत बहुधा १९३७ च्या हंगामी मंत्रिमंडळापुरताच येतो. १ एप्रिल ते १९ जुलै या काळात ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखास त्या काळी हीच संज्ञा होती. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा पाया साताऱ्यात घातला गेला होता. तेथील नगरपालिकेचे व जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते.

१९२२ मध्ये त्यांनी सातारा रोड येथे कारखाना उभारला. मूळचे पाडळी हे गाव रेल्वे स्थानकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले, यातच त्या स्थळाचे महत्त्व दिसून येते. कच्चे लोखंड आणणे व तयार माल पाठविणे रेल्वेमुळे सुकर झाले. याच मार्गावर किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून चालू होता. लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्याच्या मनातील शंका त्याने आधीच दूर केली होती. कूपर यांच्या कारखान्यातून नांगर, उसाचे चरक आणि १९३३ पासून डिझेल एंजिने बाहेर पडू लागली.

कूपर यांचे राजकारण ब्राह्मणेतर पक्षाचे होते. ‘ब्राह्मणेतर’ हा शब्द वगळण्यातून सिद्ध झालेला आहे. आत कोण, हे तो सांगत नाही. म्हणूनच एका पारशी कारखानदाराला मराठा शेतकऱ्यांचे प्रतिनिधित्व करणे शक्य झाले. त्यांचा ग्राहक आणि त्यांचा मतदार एकाच वर्गातील होते, हे त्यांच्या सामर्थ्याचे मर्म होय.

मात्र हा मेळ टिकला नाही. १९३० च्या कायदेभंगाच्या सुमारास केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसकडे वळले व त्यांच्यामागून शेतकरीही गेला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. तथापि गव्हर्नरच्या विशेषाधिकारांविषयी आश्वासन मिळेपर्यंत तिने अधिकारग्रहण नाकारले. ती पोकळी कूपर यांनी भरली. बहुमत पाठीशी नसलेले हे मंत्रिमंडळ बाळासाहेब खेर यांनी सूत्रे घेताच संपुष्टात आले. १९४० मध्ये कारखानाही वालचंद समूहाकडे गेला, आणि १९४३ ते १९४६ या काळात याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारला साथ दिली.

कूपर यांना केवळ सरकारधार्जिणे ठरविणे सोपे आहे. परंतु त्यामुळे नगरपालिका व लोकल बोर्ड यांतून घडलेल्या नेतृत्वाचा उलगडा होत नाही. त्या नेतृत्वाला शेतकऱ्याची गरज कळली होती. त्याची बदलती आकांक्षा मात्र कळली नाही. कारंजा, वाशीम यांसारख्या वऱ्हाडातील कापूसपेठांच्या नगरपालिकांचा इतिहास अभ्यासतानाही जिनिंग-प्रेसिंगचे मालक आणि कापूस पिकविणारा शेतकरी यांच्या संबंधाचा हाच प्रश्न विचारावयास हवा.