दिव्याखालचीं रोपें

मिरची-वांग्याचीं रोपें घरांत, विजेच्या दिव्याखालीं वाढवितां येतात, हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. रत्नागिरीसारख्या गांवींही मजल्यावरच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्यांना परसू नसतें. मग गॅलरीच्या कोपऱ्यांत एक फळी, फळीवर चार कुंड्या आणि वर एक दिवा, अशी मांडणी कोणी हौशी गृहस्थ करतो. हा उद्योग कोठून आला आणि त्याच्या पोटीं कोणतें शास्त्र आहे, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे. आरंभींच एक गोष्ट नमूद करतों. घरांत, दिव्यापाशीं धान्य रुजविण्याची रीत आपल्या कुटुंबांना मुळींच परकी नाहीं.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघर घट बसतात. परडींत किंवा पत्रावळीवर माती पसरतात, तींत सात किंवा नऊ धान्यें पेरतात, मध्यें कलश ठेवतात, वर रोज एक माळ चढते, आणि शेजारीं नंदादीप अखंड तेवत राहतो. कोंकणांत व गोमंतकांत याला रुजवण म्हणतात. जुन्या घरांत देवघर बहुधा माजघराला लागून. तेथें दिवसाही उजेड बेताचाच. अशा जागीं नऊ दिवसांत धान्याचे कोंब वीतभर उंच होतात आणि त्यांचा रंग हळदीसारखा पिंवळा असतो. दसऱ्याला तेच कोंब पुरुष टोपींत खोवतात, बायका केसांत माळतात. हा विधि म्हणजे मूळचा शेतकऱ्याचा बियाणें पारखण्याचा प्रघात असावा, असें कित्येकांनीं म्हटलें आहे. मला हें मत अर्धेंच पटतें. घाटावर रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते, तेथें तें सयुक्तिक दिसतें. कोंकणांत त्या वेळीं भात निसवून कापणीस येत असतें, आतां बियाणें पारखून करावयाचें काय? शिवाय बीं रुजतें कीं नाहीं हें पाहण्यास चार दिवस पुरतात. तें असो.

शास्त्राच्या दृष्टीनें मात्र या परडींत फार मोलाचा धडा आहे. तें धान्य नंदादीपाच्या उजेडावर वाढत नाहीं; दाण्यांत भरलेल्या शिदोरीवर वाढतें. उजेड नाहीं असें कळतांच कोंब आपली सारी शिदोरी उंची वाढविण्याकडे लावतो. हिरवा रंग, रुंद पान, दणकट दांडा हीं सर्व कामें तो लांबणीवर टाकतो. प्रथम मातीच्या व अंधाराच्या वर डोकें काढावयाचें, मग संसार मांडावयाचा. शाळेंत दोन वाट्यांत मोहरी पेरून एक खिडकींत व एक कपाटांत ठेवण्याचा प्रयोग मीं मुलांकडून वर्षानुवर्षें करून घेतला. आठव्या दिवशीं कपाटांतली मोहरी उंच पाहून मुलें तिलाच पहिला नंबर देत. पंधराव्या दिवशीं ती आडवी झालेली असे.

शिदोरी किती, यावर पुष्कळसें अवलंबून आहे. आपल्याकडे पावसाळ्यांत आंब्याच्या कोयी रुजवून त्या कोवळ्या रोपांवर हापूसची काडी बांधतात. त्यास कोय कलम म्हणतात. तें रोप दहा-पंधरा दिवसांचें, पानें अजून तांबूस, हिरवा रंग नांवालाच. तरी दांडा जाड आणि रसरशीत असतो, कारण कोयींतलें कोठार मोठें. उलट मिरचीचें किंवा वांग्याचें बीं पाहा. तें नखावर मावतें. त्यांतून दोन इवलीं दळें उघडलीं कीं, शिदोरी संपल्यांतच जमा. त्या क्षणापासून रोपाला आपलें अन्न आपण शिजवावें लागतें, आणि त्याची चूल म्हणजे उजेड.

आतां घरांतला उजेड किती असतो तें पाहूं. एका मेणबत्तीचा प्रकाश एक मीटर अंतरावर जेवढा पडतो, त्यास सुमारानें एक लक्स म्हणतात. नंदादीपाची ज्योत फार तर एका मेणबत्तीएवढी. हातभर अंतरावरच्या घटाला तिच्यापासून चार-पांच लक्स मिळत असतील. भर दुपारचें ऊन एक लाख लक्सच्या घरांत जातें. आषाढांत आभाळ भरून आलें म्हणजे बाहेरच तो आंकडा एक-दशांशावर येतो, आणि खिडकीपासून दोन पावलें आंत आलें कीं कांहीं शेंच उरतात. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाहीं, कारण डोळा फार सोशीक आहे. रोप तितकें सोशीक नाहीं. ज्या गांवीं वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढांत दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, तेथें खिडकींतलीं रोपें माना टाकतात यांत रोपांचा वा माळीबुवांचा दोष नाहीं.

प्रकाशावांचून वनस्पति हवेची शुद्धि करीत नाहींत, हें यान इंगेनहौझ या डच वैद्यानें १७७९ सालीं सिद्ध केलें होतें. पण मानवानें निर्माण केलेला प्रकाश सूर्याच्या जागीं चालेल काय, या प्रश्नाचें ठसठशीत उत्तर १८८० सालीं मिळालें. विल्यम सीमेन्स हे जन्मानें जर्मन, इंग्लंडांत स्थायिक झालेले इंजिनीयर. विजेचीं यंत्रें बनविणाऱ्या प्रसिद्ध सीमेन्स बंधूंपैकीं ते एक. टनब्रिज वेल्स गांवाजवळ शेरवुड नांवाच्या आपल्या बंगल्यांत त्यांनीं मोहरी, गाजर, काकडी, खरबूज इत्यादींच्या कुंड्यांचे चार गट केले. एक गट पूर्ण अंधारांत, दुसरा केवळ विजेच्या प्रखर कमानी दिव्यापुढें, तिसरा केवळ दिवसाच्या उजेडांत, आणि चौथा दिवसा उजेडांत व रात्रीं दिव्यापुढें. अंधारांतलीं रोपें पांढुरकीं पडून मेलीं. केवळ दिव्यावरचीं जगलीं, हिरवींही झालीं. चौथ्या गटाचा हिरवा रंग सर्वांत गडद होता. वनस्पतींना रात्रीच्या विश्रांतीची गरज नसावी, असा तर्क सीमेन्स यांनीं यावरून बांधला. तो सरसकट खरा नव्हता, हें पुढें येईलच. उघड्या दिव्याजवळचीं पानें करपत, पण मध्यें साधी कांच धरली कीं वांचत, हेंही त्यांच्या ध्यानांत आलें. तो अपाय दिव्यांतल्या जंबुपार किरणांचा होता.

त्याच १८८० सालीं चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांचें वनस्पतींच्या हालचालींवरील पुस्तक प्रसिद्ध झालें. गवताच्या कोंबाचा शेंडा टोपीनें झांकला तर कोंब उजेडाकडे वळत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. खिडकींतलीं रोपें एका अंगाला कां झुकतात, हें त्यावरून उमगूं लागलें. पुढें १८९१ सालीं अमेरिकेंत कॉर्नेल येथें बेली यांनीं सॅलडच्या पाल्यावर विजेचे प्रयोग केले.

रात्रीच्या प्रश्नाचा निकाल लावला तो १९२० सालीं गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकन द्वयानें. तंबाखूची एक जात कांहीं केल्या उन्हाळ्यांत फुलेना. दिवस कृत्रिम रीतीनें आंखूड केल्याबरोबर ती फुलली. झाड दिवस-रात्र मोजतें, हा तो शोध. आपल्याकडील शेतकऱ्यांना याचा अनुभव होताच. गरव्या भाताच्या जुन्या जाती, पेरणी आठ दिवस मागेंपुढें झाली तरी, निसवतात आपल्या ठरल्या वेळींच. दिवस लहान होऊं लागले हें त्यांना कळतें.

आतां आपल्या मुंबईची गोष्ट. ती फारशी कोणाच्या ऐकण्यांत नाहीं, म्हणून थोडी सविस्तर सांगतों. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आर. एच्. दस्तूर व त्यांचे विद्यार्थी यांनीं १९३० नंतरच्या दशकांत नेमका हाच प्रश्न हातीं घेतला: विजेच्या दिव्याखालीं पान जें अन्न तयार करतें, तें सूर्यप्रकाशांतल्याइतकें कां भरत नाहीं? दस्तूर आणि सामंत यांचा यासंबंधींचा निबंध १९३३ सालीं 'अ‍ॅनल्स ऑफ बॉटनी' या विख्यात इंग्रजी नियतकालिकांत आला, आणि त्यामागून त्याच विषयावर आणखीही आले. त्या काळचा दिवा म्हणजे तारेचा गोल बल्ब. त्याचा प्रकाश तांबडा-पिंवळा, निळ्या-जांभळ्या किरणांचा त्यांत तुटवडा. नुसता उजेड पुरेसा असून भागत नाहीं, त्यांत तांबडे व निळे असे दोन्ही किरण हवेत, असा या निबंधांचा रोख होता. दस्तूर पुढें पंजाबांत कापसाच्या 'तिरक' रोगाच्या संशोधनाकडे वळले व त्यांचें नांव कापसाशींच जोडलें गेलें. आज दुकानांत रोपांसाठीं म्हणून जे तांबडे-निळे मिश्र दिवे विकतात, त्यांच्या वेष्टनावर त्या मुंबईकरांचा उल्लेख कोण करणार! पण ज्या प्रश्नाचें ते दिवे उत्तर आहेत, तो प्रश्न त्या प्रयोगशाळेंत कसून विचारला गेला होता, हें आपण तरी ध्यानांत ठेवावें.

बल्बचा दुसरा दोष म्हणजे उष्णता. त्याच्या विजेचा दहावा हिस्सादेखील उजेडाच्या कामीं येत नसे. १९३८ सालीं ट्यूबलाईट बाजारांत आली. ती थंड, तिच्यांत निळा अंश पुरेसा. त्यामुळें रोपाच्या डोक्याशीं दिवा नेणें प्रथमच शक्य झालें, आणि हौशी लोकांचा उद्योग सुरू झाला तो तेव्हांपासून. त्यानंतर एल्. ई. डी. दिवे आले. निळा एल्. ई. डी. मात्र फार दिवस साधत नव्हता. तो साधल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यावांचून पांढरा एल्. ई. डी. दिवाही झाला नसता.

नवशिक्यानें या सर्वांतून घ्यावयाचें तें इतकेंच. महागडा दिवा नको. साध्या पांढऱ्या एल्. ई. डी.च्या दोन नळ्या जवळजवळ बसविल्या तरी एक फळीभर रोपांना पुरतात. दिवा छताशीं टांगूं नये. तो रोपांच्या शेंड्यापासून अर्ध्या वितीवर असावा आणि रोप वाढेल तसा वर सरकवावा. दोरीला गांठी मारून ठेवल्या कीं काम सोपें होतें. चौदा ते सोळा तास दिवा पुरे. चोवीस तास जाळणें म्हणजे वीजही व्यर्थ आणि अपायही. टोमॅटोचीं पानें अखंड उजेडांत पिंवळीं पडतात. बीं मातीखालीं आहे तोंवर मिरची-वांग्याला दिव्याची घाई नाहीं, पण पहिला कोंब वर आला त्याच दिवशीं तो लागला पाहिजे. दोन दिवस उशीर झाला कीं रोप लांबुळकें होतें, आणि लांबलेला दांडा पुन्हां आंखूड होत नाहीं.

पावसाळ्यांत आपल्याकडे खरा शत्रु म्हणजे ओल. माती सदा भिजलेली राहिली तर कालपर्यंत टवटवीत असलेलें रोप बुडाशीं नासून एका रात्रींत आडवें होतें. याला रोप कोलमडणें म्हणतात. यास्तव करवंट्यांना तळाशीं भोंक पाडून त्यांत माती, वाळू व चांगलें कुजलेलें शेणखत भरावें, दाट पेरूं नये, पाणी ताटलींत ओतून खालून द्यावें आणि वरची माती सुकूं द्यावी. पंखा हळू चालूं असला तर उत्तम. हवेनें हललेला दांडा जाड होतो. पंखा नसेल तर दिवसांतून एकदोनदां रोपांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरविला तरी तेंच साधतें.

दिव्याखालीं वाढलेलें रोप एकदम उन्हांत नेलें तर पानें भाजतात. पहिल्या दिवशीं तासभर कोंवळें ऊन, मग दोन तास, असें आठवडाभर करावें. पांच-सहा पानें झालीं आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पावसानें उघडीप दिली कीं, तीं रोपें मोठ्या कुंड्यांत लावावींत. लावणी संध्याकाळची करावी आणि पहिले दोन दिवस वर एखादें पान सावलीला झांकावें.