पेटी, कॅसेट आणि खिशातलं गाणं

सुप्याच्या एस्टी स्टँडसमोर, नगर-पुणे रस्त्याच्या कडंला, एक चहाचं हॉटेल होतं. पुढं रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं. गोष्ट १९८४-८५ ची. त्या हॉटेलात टेपरेकॉर्डर आला आन् गिऱ्हाईक वाढलं. मालकाचं नाव लिहीत नाही. त्याची नातवंडं गावात आहेत आन् माझ्याशी नीट बोलतात. पहाटं दुधाच्या किटल्या घेऊन माणसं यायची, तेव्हा हमखास लागायची ती प्रल्हाद शिंदे यांची कॅसेट. पंढरीची गाणी. कपबशी हातात धरून म्हातारे मान हलवायचे. मीही हलवायचो. बाकड्याच्या टोकाला बसून, पण हलवायचो.

एक दिवस मी पिशवीतनं माझी कॅसेट काढून मालकाला दिली. तीही प्रल्हाद शिंद्यांचीच. त्यानं वरचं नाव वाचलं, खुशीनं लावली. आवाज तोच, पेटी तीच, ढोलकीची थाप तीच. फक्त विठ्ठलाच्या जागी भीमराव. पहिलं कडवं संपलं नसंल, मालकानं बटण दाबलं. कॅसेट काढून माझ्या हातात दिली आन् हळूच म्हणाला, "गिऱ्हाईक बसलंय रे बाबा." रागानं म्हणाला असता तर मी भांडलो असतो. तो समजुतीनं म्हणाला, म्हणून भांडताही आलं नाही.

आता सांगा, खुपलं काय? गळा खुपला नाही. त्याच गळ्यावर सकाळपासनं मान हलत होती. चाल खुपली नाही. खुपलं ते नाव. त्या दिवसापासनं, म्हणजे चाळीस वर्षं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. ज्याला चार लोक डोक्यावर घेतात, जे घरोघर वाजतं, तेच गाणं काही कानांना सोसत का नाही? हा लेख त्या न सोसण्याचा इतिहास आहे. माझ्यापुरता, आन् माझ्या जिल्ह्यापुरता.

आधी साहेबलोकांचं न सोसणं बघू. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमला बंदी घातली. का, तर म्हणे पेटीवर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, पेटी परदेशी. शास्त्र म्हणून ते खरंही असंल. पण आमच्या वस्तीत पेटीबिगर भजन नाही, पेटीबिगर जलसा नाही. वीस घरांनी वर्गणी काढून घेतलेली एक पेटी, तिचे दोन सूर बसलेले, तरी तीच आमची सरस्वती. (सरस्वती हा शब्द मी मुद्दाम वापरला, कार्यकर्त्यांनी रागावू नये.) ती पेटी दिल्लीतल्या कानांना चालली नाही. १९७१ नंतर कुठं ही बंदी ढिली झाली.

मग १९५२ साल. नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपला मराठी माणूस. त्यांना देशाचा कान सुधारायचा होता. शास्त्रीय संगीत वाढवलं, सिनेमाची गाणी आकाशवाणीवरनं छाटली. लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, अर्ज केला नाही. रेडिओचा काटा फिरवला आन् सिलोन लावलं. त्याच वर्षी सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री कुठलं गाणं कितव्या पायरीवर, हे सांगायचे. आमचे वडील सांगायचे, दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहून आम्ही ती गीतमाला ऐकली. ओट्यावर जायची सोय नव्हती, पण आवाजाला ओटा अडवू शकत नव्हता. शेवटी सरकारनंच माघार घेतली आन् १९५७ साली विविध भारती काढली. केसकरांना जे सोसलं नाही त्यानं देशाचा वेळ गेला, सिलोनला जाहिराती मिळाल्या. पण कुणाचं डोकं फुटलं नाही, हे नोंदवून ठेवतो. पुढं लागणार आहे.

आता माझं स्वतःचं. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा मक्ता मोडला, आन् आमच्यातली गाणारी पोरं स्टुडिओत शिरली. प्रल्हाददादांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं आलं आन् सगळा महाराष्ट्र त्या पोपटानं व्यापला. लग्नात पोपट, जत्रेत पोपट, ट्रकमध्ये पोपट. शहरातल्या पांढरपेशांनी नाकं मुरडली, हे काय गाणं म्हणायचं, म्हणाले. आन् मी? मी तेव्हा चळवळीत नवा होतो. खांद्याला शबनम, खिशात पत्रकं. मीही नाक मुरडलं. वस्तीतल्या पोरांना म्हणालो, अरे वामनदादा ऐका, हा चावटपणा बंद करा. पोरं हसली. एक जण म्हणाला, "भाऊ, भीमगीताच्या कॅसेटवर ह्यांचं घर चाललं असतं का?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच गळ्यानं पुढं किती भीमगीतं गायली, ती आज जयंतीला वाजतात आन् मी पुढं उभा राहून ऐकतो.

पण हे नाक मुरडणं माझ्यापासनं सुरू झालेलं नाही. आमच्याच जिल्ह्यातलं, संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा. तिथली पवळा. जातीनं महार, तमाशातली पहिली गाजलेली बाई. तिच्या जोडीला पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे कुलकर्णी, ब्राह्मण. फडात त्यांच्यावर दौलत उधळली जायची. सांगतात की महाडच्या लढ्याला तमाशाच्या खेळाचे पैसे द्यायला बापूराव पुढं आले, तर बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. आमच्या बाया नाचवून मिळालेला पैसा नको, अशी त्यांची भूमिका. माझी आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी थांबायची. म्हणायची, "बाबांचं खरंच हाय. पण पवळाला कुनी इचारलं का?" मला वाटतं, आजीचा हा प्रश्न आपल्या पुस्तकांत अजून नीट आलेला नाही.

त्या नकारातनं काहीतरी नवं निघालंही. सत्यशोधकांनी जलशाची वाट पाडलीच होती. तिसाच्या दशकात नाशिककडं भीमराव कर्डक उभे राहिले, आंबेडकरी जलसा उभा राहिला. तमाशाची ढोलकी घेतली, शृंगार टाकला. गण-गवळणीचा साचा घेतला, त्यात शाळा, पाणी, संघटना भरली. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो असं बाबासाहेब मानायचे, ही गोष्ट तर घरोघर सांगतात. मग सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलेला हा माणूस गाणी लिहीत गेला, गात गावोगाव हिंडला. प्रल्हाददादा आन् वामनदादा, दोघंही २००४ साली गेले.

राज्यकर्त्यांनाही हे सोसायचं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. कारण सांगितलं अश्लीलतेचं. पण त्या फटक्यात अण्णाभाऊ साठ्यांचे तमाशेही आले, ज्यात चावट काही नव्हतं, मालकाला आन् सावकाराला झोंबणारं होतं. अण्णाभाऊंनी त्याला लोकनाट्य म्हटलं आन् खेळ चालू ठेवला.

आता गावात येऊ. आमच्या भागात वाजवणारे कोण? लग्नात हलगी मातंगांची, सनई-संबळ तशाच खालच्या मानलेल्या जातींचं. गावच्या देवाची पालखी निघायची ती हलगीच्या कडकडाटाबिगर निघायची नाही. म्हणजे आमचे हात वाजवत होते, गाव ऐकत होतं, नाचतही होतं. तेव्हा हे वाजणं कुणाला खुपलं नाही. कारण ते गावकीचं काम होतं, मोबदला भाकरी. १९५६ नंतर आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली आन् स्वतःसाठी वाजवायला लागले. तिथं बिघडलं. तोच चामड्याचा आवाज, पण आता तो दुसऱ्याच्या देवापुढं नव्हता, आपल्या माणसापुढं होता.

सुप्यात एका वर्षी जयंतीला कर्णा भाड्यानं आणायचा होता. भोंगेवाला ओळखीचा. लग्नाला देतो, गणपतीला देतो. आम्हाला म्हणाला, "मशीन बिघडलंय." त्याच संध्याकाळी ते मशीन दुसऱ्या वाडीवर सत्यनारायणाला वाजलं. तिथं कोणती कॅसेट लावली असंल? प्रल्हाद शिंद्यांचीच सत्यनारायणाची कथा. आम्ही आपले पेटी-ढोलकीवर रात्रभर गायलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली जयंती तीच, हेही सांगून टाकतो.

मग कर्णा गेला, कॅसेट गेली. गाणं मोबाइलमध्ये आलं. ह्या बदलाचा विचार आपण पुरेसा केला नाही असं मला वाटतं. कर्णा वस्तीचा असतो, दहा माणसं भोवती असतात. मोबाइल एकट्याच्या खिशात असतो. गाणं कधी वाजणार हे तुमच्या हातात नाही, समोरचा फोन करील तेव्हा ते वाजणार. बँकेच्या रांगेत, एस्टीत, कुणाच्याही दारात. तुमची ओळख सांगावी की नाही, कधी सांगावी, ते फोन ठरवतो.

१६ मे २०१५. आपलाच जिल्हा, शिर्डी. नर्सिंगचं शिक्षण घेणारा आपला एक तरुण पोरगा नातेवाइकाच्या लग्नासाठी आलेला. भावंडांबरोबर बिअरच्या दुकानात बसला होता. फोन वाजला. रिंगटोन भीमगीताची, भीमाच्या किल्ल्याचं ते गाणं. त्या दिवसांत ते प्रत्येक जयंतीत वाजत होतं, प्रत्येक पोराच्या फोनमध्ये होतं. शेजारी बसलेल्यांना ते सोसलं नाही. बंद कर म्हणाले. बोलाचाल झाली, मारहाण झाली, मोटारसायकलवर घालून त्याला नेलं आन् जिवे मारलं. प्रेत रुई गावच्या शिवारात सापडलं. वर्तमानपत्रांत सगळं छापून आलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या आईबापांना तेवढी तरी शांती असू द्या.

आदल्या वर्षीच ह्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात खर्ड्याला, सतरा वर्षांच्या पोराचा खून झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी सोनईचं तिहेरी हत्याकांड. म्हणून शिर्डीची बातमी आली तेव्हा आम्हाला धक्का बसला नाही, आम्ही मोजणी पुढं नेली. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

केसकरांचं न सोसणं आन् हे न सोसणं एकच नव्हे. माझं पोपटाला नाक मुरडणं आन् हेही एक नव्हे. पोपट मला नकोसा होता तरी मी उठून दुसरीकडं जाऊ शकत होतो. गेलोही. शिर्डीच्या त्या दुकानात गाणं किती वेळ वाजलं असंल? फोनची रिंग काही पूर्ण गाणं वाजवत नाही. तेवढ्यात चाल वाईट की चांगली हे कुणाला ठरवता येतं? त्यांनी चाल ऐकलीच नाही. आमच्या हॉटेलवाल्यानं बटण दाबलं, त्याच बटणाची ही पुढची पायरी. हॉटेलवाला भला होता असं मी वर लिहिलं नाही, लिहिणारही नाही. पण त्याला गिऱ्हाइकाची भीती होती, हे खरं.

वर्षभरानं, एप्रिल २०१६ मध्ये, जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' आला. अजय-अतुलचं झिंगाट सुप्यातल्या प्रत्येक वरातीत वाजलं. ज्यांनी सिनेमाला शिव्या घातल्या त्यांच्याही वरातीत वाजलं. त्यावर मी जास्त लिहीत नाही. नाचणाऱ्यांना नाव आड आलं नाही एवढंच, कारण त्या गाण्यात नावच नव्हतं.

माझ्या पोराबद्दल लिहून थांबतो. तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला लागला तो त्याच साली, २०१५ ला. त्याच्याही फोनमध्ये तेच किल्ल्याचं गाणं होतं. शिर्डीची बातमी वाचली त्या रात्री मी त्याला म्हणालो, "रिंगटोन बदल." तीस वर्षं चळवळीत घालवलेला मी, भोंगेवाल्याशी भांडलेला मी, हे म्हणालो. तो काही वेळ माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "आबा, तुम्हीच?" मी म्हणालो, "हो, मीच. तू जिवंत पाहिजे." त्याची आई भाकरी थापत होती, ती थांबली. कुणी काही बोललं नाही. त्यानं माझ्यासमोर फोन काढला आन् कंपनीनं दिलेली ती साधी टिंगटिंग लावली. त्या रात्री मी जेवलो, पण पोराच्या ताटाकडं मला बघवलं नाही.

सात-आठ दिवसांनी दुपारी काही कामासाठी मी त्याला फोन लावला. इकडं माझ्या कानात एकदम ढोलकी वाजली. मला वाटलं चुकीचा नंबर लागला. तसं नव्हतं. पोरानं महिन्याचे पैसे भरून तेच गाणं कॉलर ट्यून म्हणून लावलं होतं. म्हणजे त्याच्या खिशात टिंगटिंग, आन् त्याला फोन करणाऱ्याच्या कानात किल्ला. मी करीन, त्याची आई करील, कंपनीतला सुपरवायझर ड्यूटी विचारायला करील, त्याला ऐकावंच लागणार. मी त्याला संध्याकाळी विचारलं, "सुपरवायझर काही म्हणाला का?" म्हणाला, "नाही आबा. पण आता मिस्ड कॉलच देतो."