पेशव्यांचा शिकारखाना ते कात्रजचे सर्पोद्यान : पुण्यातील प्राणिसंग्रहालय, वन्यजीव संरक्षण आणि लोकसहभाग – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

प्राणिसंग्रहालय हे शालेय सहलीचे व सुट्टीतील करमणुकीचे ठिकाण म्हणून सर्वपरिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासाचा विषय म्हणून मात्र त्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः कोणत्या समाजाने कोणते प्राणी, कोणाच्या खर्चाने, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने बाळगले, यावरून त्या समाजाचे निसर्गाशी असलेले नाते स्पष्ट होते. या दृष्टीने पुणे शहराचे उदाहरण महत्त्वाचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्याच परिसरात १९५३ मध्ये महानगरपालिकेचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि २००५ पर्यंत तेथील प्राणी कात्रज येथे हलविण्यात आले. एकाच शहरात सुमारे सव्वादोनशे वर्षांच्या अंतराने राजवैभव, नागरी करमणूक आणि संरक्षण अशा तीन अवस्था पाहावयास मिळतात.

लोकांचे प्राणिसंग्रहालय वन्यजीव संरक्षणाला नेमका कोणता हातभार लावते, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. सामान्यतः त्याचे उत्तर दुर्मीळ प्राण्यांच्या प्रजननात शोधले जाते. पुण्याचा इतिहास मात्र वेगळे उत्तर सुचवितो.

उद्दिष्टे :

१) पुण्यातील प्राणिसंग्रहालयाच्या बदलत्या स्वरूपाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या बदलामागील कायदेशीर व सामाजिक कारणांचा शोध घेणे.
३) कात्रज सर्पोद्यानाच्या संदर्भात लोकसहभागाचे महत्त्व व मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ते प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

शिकारखाना : वैभवाचे प्रदर्शन

सवाई माधवराव पेशवे (१७७४–१७९५) यांना पशुपक्ष्यांची विशेष आवड होती. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या शिकारखान्यात सिंह, गेंडा यांसारखे प्राणी ठेवलेले होते. काळविटांना वाद्यांच्या सुरावर डोलण्याचे शिक्षण दिल्याचे वर्णनही तत्कालीन इंग्रज पाहुण्यांच्या लेखनात आढळते. या संग्रहाचा सर्वांत बोलका पुरावा चित्ररूपाने टिकून आहे. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणारे चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट यांनी १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

गेंडा हा काही पुण्याच्या परिसरातील प्राणी नव्हे. दूरदेशीचा प्राणी राजधानीत बाळगता येणे, हेच सत्तेचे द्योतक होते. परकीय वकिलांना असे प्राणी दाखविणे हा दरबारी शिष्टाचाराचा भाग होता. प्राण्याची जात टिकावी अशी कल्पना त्यामागे नव्हती आणि त्या काळी ती असणे शक्यही नव्हते. पुढे १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि शिकारखान्याला आधार देणारी सत्ताच नाहीशी झाली. राजाश्रयावर उभी असलेली संस्था राजाबरोबर संपते, हा या पहिल्या अवस्थेचा निष्कर्ष होय.

पेशवे पार्क : नागरी करमणूक

एकोणिसाव्या शतकात भारतातील मोठ्या शहरांत व संस्थानांत सार्वजनिक प्राणिसंग्रहालये उभी राहिली. जुनागढचे सक्करबाग (१८६३), कलकत्त्याचे अलीपूर (१८७६) आणि म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय (१८९२) ही त्यांपैकी ठळक नावे होत. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग याच काळात लोकांसाठी खुली झाली. पुण्याला मात्र अशा संस्थेसाठी स्वातंत्र्यानंतरच्या काळापर्यंत वाट पाहावी लागली.

पुणे महानगरपालिका १९५० मध्ये अस्तित्वात आली आणि अवघ्या तीन वर्षांत, १९५३ मध्ये, सारसबागेलगत सुमारे सात एकर जागेत पेशवे पार्क सुरू झाले. १९५६ मध्ये तेथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. फुलराणीची फेरी आणि वाघाचा पिंजरा या दोन गोष्टी पुण्यातील अनेक पिढ्यांच्या बालपणाशी जोडल्या गेल्या. राजाचा संग्रह आता करदात्या नागरिकांचा झाला होता. मालकीतील हा बदल लहान नव्हता. ज्या गोष्टी पूर्वी दरबारी पाहुणा पाहत असे, त्या आता गिरणी कामगाराचे मूलही पाहू लागले.

प्राण्याच्या स्थितीत मात्र तितका बदल झाला नाही. सात एकरांत बाग, आगगाडी, गर्दी आणि पिंजरे या सर्वांना जागा करून द्यावयाची होती. लोखंडी गजांमागे येरझारा घालणारे जनावर पाहून मुलांना वन्यजीवनाची ओळख होत असेल, असे म्हणणे कठीण आहे. शेंगदाणे फेकणे, हाका मारणे, डिवचणे हे तेव्हाच्या प्राणिसंग्रहालयांतील नित्याचे दृश्य होते. प्राणी सार्वजनिक झाला. पण त्याच्याविषयीची जबाबदारी अद्याप सार्वजनिक झाली नव्हती.

कायदा आणि उद्दिष्टांतील बदल

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे वन्यप्राण्यांची शिकार व त्यांना पकडणे यांवर कायदेशीर बंधने आली. प्राणिसंग्रहालयांसाठी निर्णायक ठरली ती १९९१ ची दुरुस्ती. तिच्याद्वारे या कायद्यात प्राणिसंग्रहालयांविषयी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची स्थापना झाली. प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालविता येणार नाही, असा दंडक निर्माण झाला. प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे, गोंगाट करून त्रास देणे यांनाही कायद्याने मनाई केली. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने जैवविविधतेच्या संरक्षणास पूरक ठरणे हे या संस्थांचे मुख्य उद्दिष्ट ठरविले.

या धोरणाची फळे काही ठिकाणी दिसून आली. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिउद्यानात जन्मलेले लाल पांडा २००३ मध्ये सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. सक्करबागेने आशियाई सिंहाच्या प्रजननात मोलाची कामगिरी केली. परंतु अशी कामगिरी करण्याइतकी जागा, निधी आणि तज्ज्ञ मनुष्यबळ सर्वच नगरपालिकांच्या प्राणिसंग्रहालयांकडे नसते. अशा संस्थांनी संरक्षणासाठी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर पुण्यात कायद्याच्या आधीच आकार घेऊ लागले होते.

सर्पोद्यान : भीतीकडून परिचयाकडे

सापांविषयीची अनाठायी भीती दूर व्हावी या हेतूने नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास वास्तव्य केले. डिवचल्याशिवाय साप माणसावर हल्ला करीत नाही, हे त्यांना लोकांसमोर सिद्ध करावयाचे होते. पुढे १९८६ मध्ये महानगरपालिकेच्या सहकार्याने त्यांनी कात्रज येथे सर्पोद्यान सुरू केले. म्हणजे कात्रजला आधी साप आले. वाघ आणि हत्ती नंतर आले. हा क्रम केवळ योगायोगाचा मानला, तरी त्याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे.

वाघाचे संरक्षण प्रामुख्याने वनखाते, अभयारण्ये आणि शासकीय धोरण यांवर अवलंबून असते. सामान्य पुणेकराची आणि वाघाची गाठ पिंजऱ्याबाहेर पडत नाही. सापाचे तसे नाही. तो पावसाळ्यात अंगणात, गोठ्यात, जिन्याखाली, न्हाणीघरात निघतो. तेथे वनखाते उपस्थित नसते. असतो तो हातात काठी घेतलेला माणूस. धामण जगेल की मरेल, हे त्या क्षणी त्या माणसाला काय ठाऊक आहे यावर ठरते. धामण बिनविषारी असून उंदीर खाते, एवढी ओळख त्याला सर्पोद्यानात झाली असेल, तर काठी खाली येण्याची शक्यता असते. या अर्थाने सापाचे संरक्षण हे नागरिकाच्या हातातील संरक्षण आहे आणि म्हणूनच ते लोकांच्या प्राणिसंग्रहालयाचे खरे कार्यक्षेत्र ठरते.

हा प्रश्न केवळ सापापुरता मर्यादित नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांची ओळख, मांत्रिकाऐवजी रुग्णालयात जाण्याची निकड आणि प्रतिसर्पविषाचे महत्त्व या गोष्टी लोकांपर्यंत पोहोचविणे म्हणजे माणसाचेही प्राण वाचविणे होय. सापाविषयीचे अज्ञान दोघांनाही मारते.

नागपंचमीच्या परंपरेचा संदर्भही येथे महत्त्वाचा आहे. पूजेसाठी नाग पकडणे, त्यांना उपाशी ठेवणे, त्यांचे दात काढणे व दूध पाजणे या प्रथांमुळे असंख्य नागांचा बळी जात असे. दूध हे सापाचे अन्न नाही. याच सणाच्या निमित्ताने सर्पोद्यानाने प्रबोधनाचे कार्यक्रम आयोजित केले. सणाची निंदा न करता सणातील श्रद्धेला जिवंत सापाच्या रक्षणाकडे वळविण्याचा हा प्रयत्न होता. महाराष्ट्रात ‘सर्पमित्र’ हा शब्द रूढ झाला आणि साप निघाल्यावर मारणाऱ्याऐवजी पकडून नेणाऱ्याला बोलावण्याची सवय वाढली, त्यामागे अशा प्रबोधनाचा मोठा वाटा आहे.

कात्रज : नवे प्राणिसंग्रहालय

पेशवे पार्कची जागा अपुरी पडत असल्याने कात्रज येथे नव्या प्राणिसंग्रहालयाची योजना आखण्यात आली. १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय व वन्यजीव संशोधन केंद्र सुरू झाले आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कमधील उर्वरित प्राणी तेथे हलविण्यात आले. सुमारे १३० एकरांच्या या परिसरातील ४२ एकर जागा कात्रज तलावाने व्यापली आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ज्या कात्रजहून शनिवारवाड्याला नळाने पाणी आणले गेले, तेथेच शहराचे प्राणी वस्तीस गेले. सात एकरांतील गजांची जागा खंदक असलेल्या मोकळ्या आवारांनी घेतली. सर्पोद्यानाबरोबरच जखमी व पोरक्या वन्यप्राण्यांसाठी अनाथालयाचे कामही येथे झाले. जखमी घार किंवा विहिरीत पडलेला प्राणी पाहून कोणाला तरी कळवावे, ही भावना नागरिकांत रुजण्यास त्यामुळे मदत झाली.

मर्यादा

या वाटचालीचे मूल्यमापन करताना तिच्या उणिवा दृष्टीआड करता येत नाहीत. प्रेक्षकांची गर्दी आजही पांढऱ्या वाघासमोर अधिक असते. पांढरा वाघ ही स्वतंत्र जात नसून केवळ रंगभेद आहे. १९५१ मध्ये रेवा संस्थानात पकडलेल्या ‘मोहन’ या वाघापासून जवळच्या नात्यांत प्रजनन करून त्याचा वंश वाढविण्यात आला. संरक्षणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व अल्प आहे. शिकारखान्यातील गेंड्याकडे पाहणारी नजर अद्याप पूर्णतः बदललेली नाही, असाच याचा अर्थ होतो.

व्यवस्थापनाच्या अडचणीही समोर आल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये कात्रज येथील एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. तो आवारातच पुन्हा ताब्यात घेण्यात आला. जुलै २०२५ मध्ये साथीच्या रोगाने पंधराहून अधिक चितळे दगावली. बंदिस्त कळपात रोग किती झपाट्याने पसरतो, हे त्यातून दिसून आले. सर्पमित्र चळवळीलाही दुसरी बाजू आहे. पकडलेल्या सापाचे प्रदर्शन करणे, त्याच्याशी धाडसी खेळ करणे, त्याला मूळ अधिवासापासून दूर नेऊन सोडणे अशा प्रकारांनी सापाचे व स्वतःचेही नुकसान होते. प्रशिक्षण, परवानगी व नोंदी यांची जोड नसेल, तर लोकसहभागाचे रूपांतर लोकरंजनात होण्यास वेळ लागत नाही.

निष्कर्ष :

१) पुण्यात प्राणिसंग्रहाची मालकी राजाकडून नागरिकांकडे आली, परंतु मालकी बदलल्याने उद्दिष्ट आपोआप बदलले नाही. त्यासाठी कायद्याची व लोकशिक्षणाची गरज भासली.
२) नगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयाचे संरक्षणकार्य केवळ प्रजननाच्या आकड्यांवर मोजणे अपुरे आहे. नागरिकांच्या दारात येणाऱ्या प्राण्याविषयी त्यांचे वर्तन किती बदलले, हाही तितकाच महत्त्वाचा निकष आहे.
३) कात्रज सर्पोद्यानाचे ऐतिहासिक महत्त्व याच निकषावर सिद्ध होते. ज्या प्राण्याला लोक सर्वाधिक भीत होते, त्याच्यापासून तेथे ओळखीला सुरुवात झाली.
४) प्रेक्षकसंख्या आणि प्राण्यांचे हित यांत संघर्ष उद्भवल्यास दुसऱ्याला प्राधान्य मिळाले, तरच करमणुकीपासून संरक्षणाकडे झालेला प्रवास टिकून राहील.

सवाई माधवरावांच्या गेंड्याचे चित्र उरले, गेंडा उरला नाही. प्राणिसंग्रहालयात पाहिलेला प्राणी बाहेरच्या जगातही जिवंत राहावा, यासाठी पाहणाऱ्याने काही करावयाचे असते, ही जाणीव ज्या संस्थेतून निर्माण होते तीच खऱ्या अर्थाने लोकांची संस्था म्हणता येईल.