गुंज : सोने तोलणारा विषारी दाणा

१/ देवगडच्या कलमबागांभोवतीच्या गडग्यांवर आणि कुंपणाच्या झुडपांवर एक नाजूक वेल चढलेली आढळते. पाने चिंचेसारखी, फुले फिकट जांभळट. शेंगा वाळून तडकल्या की आत लालभडक दाणे दिसतात, प्रत्येकाच्या टोकाला काळा ठिपका. ही गुंज. सुमारे दोन हजार वर्षे या दाण्याने सोने तोलले, आणि याच दाण्याने जीवही घेतले.

२/ काळ्या ठिपक्यामुळे संस्कृतात तिला ‘कृष्णल’ असेही नाव मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाच गुंजांचा एक सुवर्णमाषक आणि सोळा माषकांचा एक सुवर्ण सांगितला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील कोष्टकही तेच. म्हणजे एक सुवर्ण = ८० गुंजा.

३/ महाराष्ट्रात पुढे रूढ झालेले कोष्टक निराळे : ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा. तोळ्यात ९६ गुंजा. मराठेशाहीच्या कागदपत्रांत दागिन्यांची वजने तोळे, मासे, गुंजा अशीच उतरलेली आहेत. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरवला. त्याला ९६ ने भागले की गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम भरते.

४/ वजनासाठी बीच का निवडले? उत्तर तिच्या कवचात आहे. ते इतके टणक की पाणी सहज आत शिरत नाही. दमट हवेतही दाण्याचे वजन फारसे बदलत नाही. भूमध्य समुद्राकाठी कॅरोबच्या बिया याच कामी आल्या आणि ‘कॅरट’ हा शब्द त्यांच्यावरूनच पडला. कॅरोबही शेंगांच्याच कुळातला. अर्थात सर्व गुंजा तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे काटेकोर व्यवहारात गुंज हे दाण्याचे नव्हे, तर ठरावीक वजनाचे नाव झाले.

५/ हेच कवच वेलीचा वंशही राखते. गळलेला दाणा मातीत दीर्घकाळ पडून राहतो. कवच झिजले किंवा खरवडले गेले की पाणी आत जाते आणि अंकुर फुटतो. म्हणूनच उष्ण प्रदेशात शोभेसाठी लावलेली गुंज बागेपुरती राहत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात बाहेरून नेलेली ही वेल आज आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहे.

६/ आणि हेच कवच माणसाला वाचवते. अखंड गिळलेला दाणा बहुधा तसाच बाहेर पडतो. तो चावला, फुटला किंवा त्याला भोक पडले, की आतील ‘अ‍ॅब्रिन’ मोकळे होते. हे प्रथिन पेशींची प्रथिने घडवणारी यंत्रणाच बंद पाडते. त्यावर उतारा नाही. आयुर्वेदाने गुंजेची गणना उपविषांत केली आणि शोधनाशिवाय ती औषधात वर्ज्य मानली.

७/ एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश हिंदुस्थानात गुंजेची पूड कालवून अणकुचीदार सुया वळल्या जात, उन्हात वाळवल्या जात आणि गुरांच्या अंगात खुपसल्या जात. अशा गुन्ह्यांमागे बहुधा कातड्याचा लोभ असे. मात्र त्या काळच्या सरकारी लेखनात काही जातींवर सरसकट ठपका ठेवलेला आढळतो. ते वाचताना पुरावा कोणता आणि पूर्वग्रह कोणता, हे निवडावे लागते.

८/ १८८२ साली पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ लुई द वेकर यांनी खुपऱ्यांवर उपाय म्हणून गुंजेचा अर्क पुढे आणला. त्याने डोळ्यात मुद्दाम दाह उत्पन्न केला जाई. काही रुग्णांत तो दाह आवरेना आणि डोळेच दुखावले. हा दाह जंतूंमुळे होतो की विषामुळे, असा वाद पेटला. १८८४ साली कलकत्त्यात वॉर्डन आणि वॅडेल यांनी दाखवले की कारण जंतू नसून बीमधील प्रथिन आहे.

९/ १८९१ साली बर्लिनमध्ये पॉल एर्लिख यांनी उंदरांना अ‍ॅब्रिन अत्यल्प मात्रेत देत देत वाढवले. उंदीर त्या विषाला दाद देईनासे झाले. पण एरंडाच्या बीतील रिसिनपुढे ते पूर्वीइतकेच असहाय होते. प्रत्येक विषाविरुद्ध शरीर स्वतंत्र प्रतिकार उभारते, हे यातून स्पष्ट झाले. प्रतिकारशास्त्राच्या पायाभरणीत गुंजेचा वाटा आहे तो असा.

१०/ १९५६ च्या वजनमाप कायद्याने भारतात मेट्रिक पद्धत आणली आणि गुंज तराजूतून उतरली. उरली ती ‘गुंजभर सोने’ या शब्दांत, आणि माळांत. माळ ओवायची तर दाण्याला भोक पाडावे लागते. म्हणजे ज्या कवचाने विष कोंडून ठेवले, तेच फोडावे लागते. २०११ साली ब्रिटनमध्ये इडन प्रोजेक्टने विकलेली अशाच दाण्यांची ब्रेसलेटे याच धोक्यामुळे परत मागवली होती.

११/ जुन्या डब्यात आजीच्या काळातील गुंजा असतील, तर त्या इतिहासाचा ठेवा म्हणून जरूर जपाव्यात. पण मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी. वाळलेला दाणा जुना झाला म्हणून निर्विष झाला, असे समजू नये. मुलाने तो चावल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लक्षणे उमटायला काही तास, कधी एखादा दिवसही लागतो, आणि तोवर विष आपले काम करीत असते.