काळा कातळ आणि करडा कातळ
(देवनहळ्ळी ते नंदीदुर्ग : एका सहलीच्या निमित्ताने)

सह्याद्रीच्या सावलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या मनात डोंगराची एक ठरीव आकृती असते. पायथ्याशी दाट झाडी, तिच्यावर काळ्या कातळाचा उभा ताशीव कडा, आणि माथ्यावर सपाट पठार. राजगड पाहिला काय किंवा लोहगड पाहिला काय, ही ठेवण बदलत नाही. पोटापाण्यासाठी घाट उतरून कर्नाटकात आलेल्या आम्हां मंडळींना म्हणूनच बंगळुरूच्या उत्तरेचे डोंगर पहिल्या दर्शनी काहीसे परके वाटले. ना कडे, ना पायऱ्यापायऱ्यांचे थर. हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार करडे खडक, आणि त्यांच्यावर कोणी हाताने रचून ठेवावेत तसे प्रचंड गुंडे! मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील सहल देवनहळ्ळीमार्गे नंदीदुर्गावर न्यावयाची ठरली, तेव्हा या परकेपणाचा एकदा छडा लावावा, असे आमच्या मनात आले. हा लेख म्हणजे त्या शोधाचे फलित होय.

देवनहळ्ळी हे नाव आज विमानतळामुळे सर्वतोमुखी झाले आहे. २००८ च्या मे महिन्यात तो सुरू झाला, आणि पुण्या-मुंबईहून येणारे आमचे आप्त हल्ली प्रथम देवनहळ्ळीच्याच मातीवर पाय ठेवतात. तथापि गावाची थोरवी विमानांहून पुष्कळ जुनी आहे. अवतीच्या गौड घराण्यातील मल्लबैरेगौडाने १५०१ मध्ये येथे किल्ला बांधला. १७४९ मध्ये म्हैसूरच्या फौजेने त्यास वेढा घातला, तेव्हा हैदर नावाच्या एका तरुण शिपायाचे शौर्य प्रथम दरबाराच्या नजरेस आले. पुढे याच गावी टिपू सुलतानाचा जन्म झाला. किल्ल्याचे गोल बुरूज व दगडी तट आजही उभे आहेत, आणि त्यांच्या आसमंतात प्रसिद्ध देवनहळ्ळी पपनसाच्या बागा अजून थोड्याफार टिकून आहेत.

किल्ल्यावरून उत्तरेकडे पाहिले की क्षितिजावर नंदीची रांग दिसते. नंदीदुर्गाची उंची १,४७८ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही किंचित अधिक. आमची बस वळणे घेत चढू लागली, आणि मुलांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढून एकच प्रश्न आरंभला, “हे दगड पडत कसे नाहीत?” प्रश्न पोरांचा खरा, परंतु त्याचे उत्तर देता देता मोठ्यांचीच शाळा झाली.

सह्याद्रीचा काळा कातळ हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त रस बाहेर पडला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. म्हणून आपले डोंगर थराथरांचे, आणि म्हणूनच त्यांचे माथे सपाट. नंदीचा करडा खडक मात्र ग्रॅनाइटाचा. तो कधी वाहत जमिनीवर आलाच नाही. पृथ्वीच्या पोटात, कित्येक मैल खोल, तो सावकाश निवत गेला. त्यामुळे त्याचे स्फटिक ठसठशीत झाले. युगानुयुगे वरची भूमी झिजून गेली, डोक्यावरचा भार हलका झाला, आणि दबून राहिलेला हा खडक जणू सुस्कारा टाकून फुलला. त्या फुलण्याने त्याचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे सुटू लागले. हे गोल घुमट त्यातूनच घडले. जेथे खडकाला आडव्या-उभ्या भेगा पडल्या, तेथे त्यांतून पाणी झिरपले, कोपरे आधी कुजले, आणि चौकोनी ठोकळ्यांचे गुंडे झाले. सभोवतालची माती वाहून गेल्यावर ते जागच्या जागी उघडे पडले. म्हणजे ते कोणी आणून ठेवलेले नाहीत. मुळात तेथलेच आहेत. ते का पडत नाहीत, याचे उत्तर हेच.

नंदीच्या ग्रॅनाइटाचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे सांगतात, आणि ज्या पट्टेदार नाइस खडकावर हा सारा प्रदेश उभा आहे तो त्याहूनही वृद्ध, सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. म्हैसूरच्या भूगर्भ खात्याचे डॉ. स्मीथ यांनी त्यास ‘पेनिन्सुलर नाइस’ हे नाव दिले. ज्यांना नंदीपर्यंत जाणे होत नाही, त्यांनी लालबागेतील टेकडीवर जावे. केंपेगौडाचा मनोरा जिच्यावर उभा आहे, ती टेकडी याच खडकाची असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान दिला आहे. ज्या सह्याद्रीला आम्ही अनादि म्हणून वंदन करतो, तो या खडकापुढे कालचे पोर ठरतो! हे ऐकून आमच्यातील काही वडीलधाऱ्या मंडळींचा चेहरा किंचित उतरला, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे मंदिर आहे. त्याची परंपरा नवव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोचते. खाली भोगनंदीश्वर, गडावर योगनंदीश्वर. भोगाकडून योगाकडे जाणारी ही चढण आमच्या पूर्वजांना सहज उमगली असती. पालार, पेन्नार, अर्कावती आदी नद्यांचा उगमही याच डोंगराळ टापूतला. एक पाणी तामिळ देशी जाते, एक आंध्रात, तर एक कावेरीला मिळते.

आता इतिहासाकडे वळू. या मुलखात मराठी माणूस काही आपल्या पिढीत प्रथम आलेला नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले, आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. देवनहळ्ळीच्या पश्चिमेचे दोड्डबळ्ळापूर, पूर्वेचे होसकोटे व कोलार हे परगणेही त्यात मोडत. बाल शिवाजीने काही काळ बंगळुरात काढला. शहाजीराजांचा अंतही कर्नाटकातच, होदिगेरे येथे, १६६४ मध्ये झाला. पुढे १६८७ मध्ये व्यंकोजीराजांनी बंगळूर तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजास देण्याचा सौदा केला. हा भाग आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाही.

परंतु सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी माणसाने आपला जमाखर्च पुरता मांडावा. मराठी फौजा या वाटेने पुन्हा पुन्हा आल्या त्या चौथाईसाठी, आणि गावोगावच्या शेतकऱ्याने त्यांच्या घोड्यांच्या टापांची धास्ती घेतली. १७७० मध्ये थोरले माधवराव पेशवे हैदरावर चालून आले, तेव्हा तुमकुराच्या वाटेवरील निजगल हा असाच एक ग्रॅनाइटाचा किल्ला निकराने लढला. तो पडल्यावर चिडलेल्या पेशव्यांनी शिबंदीची नाके-कान कापण्याची आज्ञा केली. किल्लेदाराला पुढे आणून विचारले, तेव्हा तो निर्भयपणे उत्तरला की, विद्रूप होईन तो मी, पण कलंक लागेल तो आपणांस. पेशवे क्षणभर स्तब्ध राहिले आणि त्यांनी त्याला इजा न करता सोडून दिले, असा वृत्तान्त इतिहासात आहे. माधवरावांची थोरवी आम्हांस या क्षणात दिसते. पण त्या दिवशी त्यांना माणुसकीचा धडा देणारा माणूस शत्रूचा होता, हेही विसरता येत नाही.

१७९१ मध्ये इंग्रज, निजाम व मराठे टिपूविरुद्ध एक झाले. त्या साली पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्याच्या पुनःस्थापनेसाठी साह्य पाठविले ते टिपूने. ही कन्नड पत्रे १९१६ मध्ये शृंगेरीत सापडली. १७९१ च्याच ऑक्टोबरात, सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर, इंग्रजांनी नंदीदुर्ग घेतला. चढणाऱ्या शिपायांवर गडकऱ्यांनी वरून धोंडे लोटले, आणि अनेक जण त्यांनीच जायबंदी झाले. अडीचशे कोटी वर्षे स्वस्थ बसलेल्या दगडालाही माणसाने लढाईस जुंपले!

त्याच गडाने पुढे शांतीचे दिवसही पाहिले. १९२७ च्या मार्चमध्ये महात्माजी कोल्हापुरास आजारी पडले. काही दिवस आंबोलीस विश्रांती घेऊन ते एप्रिलमध्ये नंदीवर आले, आणि जूनच्या आरंभापर्यंत राहिले. म्हणजे काळ्या कातळावर जडलेला आजार करड्या कातळावर उतरला, असे आम्ही सहलीत विनोदाने म्हटले. १९८६ च्या नोव्हेंबरात सार्क परिषदेनिमित्त दक्षिण आशियाचे राष्ट्रप्रमुखही येथे विसाव्यास आले होते.

परतताना बस एका ठिकाणी थांबली. समोरची टेकडी अर्धी उरली होती. तासून काढलेल्या दगडाचा ताजा पांढरा रंग उन्हात डोळ्यांत खुपत होता. त्या दगडाचे रस्ते होतात, घरे होतात. आमच्या सदनिकांच्या ओट्यांवरील गुळगुळीत फरशीही अशाच कुठल्या डोंगराची असेल. २०२१ च्या फेब्रुवारीत चिक्कबळ्ळापूर तालुक्यात खाणीच्या जिलेटिनचा स्फोट होऊन सहा माणसे दगावली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात अतिवृष्टीने नंदीच्या घाटात दरड कोसळून रस्ता वाहून गेला. लाव्ह्याला पुन्हा उसळी येऊन थर चढेल, अशी आशा येथे नाही. हा खडक एकदा गेला की गेलाच.

बसमध्ये एका मुलीने विचारले, “मग हा डोंगर आपला, की त्यांचा?” आम्ही क्षणभर गप्प झालो. इतिहासाच्या हिशेबाने आम्ही येथे कधी जहागीरदार होतो, कधी लुटारू, आणि आता भाडेकरूचे घरमालक झालो आहोत. पण जो आपल्या मुलांना येथल्या दगडाचे वय सांगतो, येथल्या किल्लेदाराचे धैर्य आपल्या पेशव्याच्या थोरवीइतकेच मोकळेपणाने सांगतो, आणि टेकडी तुटताना पाहून ज्याचा जीव तुटतो, त्याला डोंगर परका मानत नाही, असे आम्ही तिला म्हणालो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांनी सह्याद्रीची आठवण जपण्यासाठी ते स्थापले. ती आठवण आम्ही जपूच. परंतु पुढच्या पन्नास वर्षांत येथे वाढणाऱ्या मुलांनी डोंगराचे चित्र काढले, आणि त्यात काळ्या कड्याशेजारी एक करडा गोल घुमटही रेखाटला, तर मंडळाच्या कार्याचे चीज झाले, असे आम्ही समजू.